रंगनाथरावांची परतीची वेळ

रंगनाथ विधाते यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९० च्या जानेवारीत. पहाटे सव्वापाचला ते आमच्या गंगापूर रोडच्या घराच्या फाटकाशी सायकल उलटी करून मागचं चाक फिरवत बसले होते. रिमजवळ खडू धरला होता. चाक फिरलं की खडू जिथे लागेल तिथला आरा ते अगदी पाव फेरा सैल करत, समोरचा तेवढाच कसत. बाकीची चार माणसं थंडीत हात चोळत उभी होती. माझे यजमान म्हणाले, "विधाते, निघायचं का आज?" त्यावर ते मान वर न करता म्हणाले, "अर्ध्या मिलिमीटरचा आऊट आहे, साहेब. तेवढा काढतो."

ओझरच्या विमान कारखान्यात ते मोजमापाच्या खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेला भाग मापात आहे की नाही हे सांगायचं, एवढंच काम, आणि ते त्यांनी तीस वर्षं केलं. घर मखमलाबादचं, माळ्याचं. भाऊ मळ्यात झेंडू आणि कोबी पिकवायचा. घराण्यात नोकरीला गेलेले हे पहिलेच.

रविवारच्या सायकलींची टूम माझ्या यजमानांची. आठवडाभर सगळे कारखान्याच्या बसनं जा-ये करत. रविवारी साडेपाचला आमच्या फाटकापासून निघायचं, दुगाव, गिरणारे करत वाघेऱ्याच्या घाटमाथ्यापर्यंत जायचं, तिथे चिमाजीच्या झोपडीत चहा घ्यायचा आणि परत. जाऊन येऊन साठ किलोमीटर. वर्षातून एकदा थेट हरसूल. त्या काळी मोठ्या माणसानं कामाशिवाय सायकल चालवणं लोकांना समजत नसे. आमचा दूधवाला तर एकदा विचारून बसला की साहेबांनी काही नवस वगैरे बोललाय का.

वेळा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तशीही पाचला उठून डायरी लिहीत बसलेली असायची. शाळेत सिस्टरांनी लावलेली ती सवय आहे, मोडता आली नाही. मी एक वेगळी लांब वही केली. प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने: निघाले, पोचले, परत निघाले, आले. मधल्या दोन वेळा ते परत आल्यावर सांगत, पहिली आणि शेवटची मी स्वतः घड्याळ बघून लिही. १९९३ मध्ये यजमान गेले. तेरावं झालं त्यानंतरच्या रविवारी साडेपाचला फाटकाची कडी वाजली. मला वाटलं होतं की आता हे थांबलं. बाहेर पाच जण उभे होते. रंगनाथराव म्हणाले, "वहिनी, वेळ लिहा." मी लिहिली. मग लिहीतच राहिले.

या नादाचा खर्च बाहेरून दिसत नाही. रेसर सायकलीची बारीक टायरं आमच्या रस्त्यांवर चार महिने टिकत. बाभळीचा काटा गेला की वाटेत ट्यूब काढायची, पाण्याचं डबकं शोधून बुडबुडा पाहायचा, सोल्युशन लावून फुंकत बसायचं. उन्हाळ्यात मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत गरम होई. सीटवर बसून बसून मांड्या सोलत, त्याला खोबरेल. सोमवारी बसमध्ये उभं राहणं बरं वाटे, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी कलाबाई यांची तक्रार निराळी होती. झोपाळ्याच्या कडीला चाक टांगलेलं असायचं, आणि चेनचं तेल पोळपाटापर्यंत पोचलेलं. "साठ किलोमीटर जाऊन येतात, वहिनी, आणि घरी काय आणतात? भूक," असं त्या म्हणायच्या.

आणि सुख काय, ते रंगनाथरावांनी कधी धड सांगितलं नाही. ते बोलके नव्हते. एकदा एवढंच म्हणाले की घाट उतरताना पायडल थांबवलं की फ्रीव्हीलचा जो आवाज येतो, त्याच्यावरून त्यांना सगळं चाक कळतं, आणि तेवढा वेळ दुसरं काही तपासायचं नसतं.

ते २००० साली निवृत्त झाले. त्याच हिवाळ्यात त्यांना परत यायला उशीर होऊ लागला. आधी दहा-बारा मिनिटं, मग वीस. बाकीचे नऊला फाटकात येऊन पाणी पीत आणि हे मागून येत, चेहरा ताणलेला. तिडके म्हणून त्यांच्यातले एक गमत्या गृहस्थ होते, ते म्हणायचे, "विधाते, रिटायर झालात म्हणून रस्त्यालाही सुट्टी दिलीत का?" उन्हाळ्यात उशीर कमी झाला, पावसाळ्यात तर गेलाच. सगळ्यांनी, मीही, मानलं की बरं नव्हतं ते सुधारलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झालं, आणि २००१ च्या डिसेंबरात नऊ तारखेला ते तब्बल चाळीस मिनिटं मागून आले. उजव्या कोपराला खरचटलं होतं. खडीवर घसरलो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कलाबाई आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या की घरी सांगून ऐकत नाहीत, साठीला आलेत, एक दिवस कुणीतरी उचलून आणील. मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाल्या, "त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, तुमच्या या आकड्यांवर आहे. तुम्ही अजून वीस मिनिटं वाढवून लिहा. आकडा बघितला की बसतील घरी."

मी म्हटलं की तसं मला लिहिता येणार नाही.

"एका आकड्यानं काय होतं?" त्यांनी विचारलं. त्या उठून गेल्या आणि जाताना फाटक उघडंच ठेवून गेल्या. तसं त्या कधी करत नसत.

दुपारी मी वह्या काढल्या. खोटं लिहायचं नव्हतं, पण खरं किती वाईट आहे ते तरी पाहावं, म्हणून रंगनाथरावांच्या तीन वर्षांच्या वेळा एका कागदावर उतरवून काढल्या. मग चमत्कारिक वाटू लागलं. जायच्या वेळेत फरकच नव्हता. चढाचा रस्ता, अंधार, तरी दोन मिनिटं इकडे-तिकडे. थकलेला माणूस चढावर मागे पडतो. हे उतारावर मागे पडत होते, आणि तेही फक्त थंडीत. श्रावणात ढग असताना जाणं-येणं दोन्ही ठीक. मी डायरीतली हवा शेजारी लिहिली. डिसेंबरातला एकच रविवार असा होता की ते सगळ्यांबरोबर आले होते. त्या दिवसापुढे माझ्याच अक्षरात होतं: दाट धुकं, नऊपर्यंत सूर्य नाही.

परतीचा रस्ता आग्नेयेकडे येतो. हिवाळ्यात सूर्य तिथेच उगवतो आणि दीड तास समोरून डोळ्यांत येतो. जाताना अंधारात ते पुढच्या सायकलीच्या लाल रिफ्लेक्टरवर नजर ठेवून जात असणार.

पुढच्या रविवारी बाकीचे गेल्यावर मी त्यांना थांबवून घेतलं आणि तो कागद समोर ठेवला. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला, मग तिरपा केला. सगळे रकाने वाचले. मोजमाप बरोबर आहे की नाही याची जणू त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं. डाव्याला जास्त. ऊन समोर आलं की पांढरा पडदा टांगल्यासारखं होतं. मग मी रस्त्याची कड धरून येतो."

"मोतीबिंदू असेल. आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग एकाहत्तर सालची हकिगत सांगितली. कुठल्याशा गावच्या शिबिरात त्यांच्या आईचा डोळा कापला. हे तिला घेऊन गेले होते. पट्टी सुटली तेव्हा तिनं विचारलं, रंग्या, दिवा का नाही लावला? दुपार होती. ती पुढे चौदा वर्षं जगली आणि घरातल्या भिंती हातानं ओळखत फिरली. तिला तिथे नेण्याचा हट्ट यांचा होता.

मी म्हटलं की तेव्हाचं आणि आताचं सारखं नाही. ते हो म्हणाले. मग म्हणाले, "कलाला सांगू नका." आणि मी कबूल केलं. त्या कबुलीचा विचार मी अजून करते. त्या क्षणी ते इतके दमलेले दिसत होते की नाही म्हणण्याचा धीर मला झाला नाही. याहून मोठं कारण काही नव्हतं.

माझ्या कागदाचा त्यांनी काय उपयोग केला ते पंधरा दिवसांनी कळलं. जानेवारीपासून ते सकाळी सगळ्यांबरोबर जायचे, पण परत यायचे नाहीत. चिमाजीच्या झोपडीत दिवसभर थांबायचे. त्याच्या बाजेवर पडायचे, भाकरी खायचे, त्याच्या विहिरीच्या रहाटाचं चाक दुरुस्त करून द्यायचे. साडेतीनला निघून पाचच्या सुमारास माझ्या फाटकात. जाताना अंधार, येताना ऊन पाठीवर.

"तुम्हीच दाखवलंत, वहिनी," ते मला म्हणाले. एखादा वाकडा भाग घासून मापात बसवल्यासारखं समाधान होतं चेहऱ्यावर. "चूक कुठे आहे ते कळलं की काम सोपं."

वेळा उत्तम आल्या. दीड तास, एक तास अठ्ठावीस. मी लिहीत गेले. तिडके म्हणायचे, विधात्यांनी घाटावर दुसरं घर केलंय. कलाबाईंना ही थट्टा कुणीतरी सांगितली, आणि त्या महिनाभर माझ्याकडे फिरकल्या नाहीत. त्यांना वाटलं की दिवसभर बाहेर राहण्याची युक्ती माझी. तशी ती थोडीफार होतीच.

सतरा फेब्रुवारी २००२, रविवार. साडेपाच वाजले, सहा वाजले. सव्वासहाला फोन आला. शहरातल्या एका दवाखान्यातून रंगनाथराव बोलत होते. त्यांना काही झालेलं नव्हतं, म्हणाले, पण मी यावं. घरी फोन केला नव्हता.

मी रिक्षानं गेले. बाकावर ते बसले होते, हाताला माती, चष्मा शर्टाच्या खिशात. शेजारी फकिरा नावाचा एक काटक माणूस उकिडवा बसलेला, आणि आतल्या पलंगावर त्याची बायको नवसाबाई. पन्नाशीची असेल. तिच्या उजव्या मनगटाला डॉक्टर प्लास्टर लावत होते. दोन्ही हाडं मोडली होती.

हकिगत मला तिथेच तुकड्या-तुकड्यांनी समजली. गिरणाऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर वडांची दाट सावली आहे, दोन-अडीचशे पावलांची. हरसूलकडच्या पाड्यावरची माणसं तिथे बोचकी घेऊन बसली होती. निफाडकडे द्राक्षांची खुडणी सुरू झाली होती, आणि मुकादमाचा ट्रक त्यांना न्यायला येणार होता. नवसाबाई डांबराच्या कडेलाच बसली होती, काळपट लुगडं, पाठ रस्त्याकडे. रंगनाथराव उन्हातून उतारावरून वेगानं आले आणि सावलीत शिरले. उन्हाचा हिशेब त्यांनी केला होता, पण सावलीचा राहून गेला. त्यांना सावली म्हणजे नुसता काळोख दिसला. ब्रेकला हातच गेला नाही. सायकल तिच्या पाठीवर आदळली आणि ती पुढे हातावर पडली. एवढ्यात ट्रक आला. मुकादम थांबेना. बाकीचे चढले, त्यांची बोचकी चढली, आणि हे नवरा-बायको राहिले. रंगनाथरावांनी एक जीप थांबवून दोघांना दवाखान्यात आणलं होतं. सायकल तिथेच वडाला टेकवून.

प्लास्टर झाल्यावर रंगनाथराव पलंगाजवळ गेले. म्हणाले, "मला दिसलं नाही, बाई."

नवसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "दिसत नवतं तं निंगाला कशाला, भाऊ?"

फकिरा खाली मान घालून बसला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. सहा आठवड्यांत खुडणी जवळजवळ संपते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर रंगनाथराव माझ्याजवळ येऊन थांबले. "तिला काय सांगू, वहिनी? माझ्या आईचं सांगू?"

मी म्हटलं, "तिला काही सांगू नका. घरी सांगा."

"तुम्ही सांगाल?"

मी मखमलाबादला त्यांच्याबरोबर गेले आणि सगळं सांगितलं, दोन महिने मला ठाऊक होतं हेही. कलाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तीस वर्षं जगाच्या चुका मोजल्यात. बायकोला एक डोळा सांगता आला नाही?" आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आकडा खोटा लिहिणार नव्हता, वहिनी. गप्प मात्र बसलात."

मी घरी आले आणि त्या दिवसाच्या रकान्यात 'आले नाहीत' असं लिहिलं.

मार्चमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी ते घरातल्या घरात भिंतींना हात लावत फिरत होते, असं कलाबाईंनी मला नंतर सांगितलं. टेबलावर झोपताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं की भिंग किती मिलिमीटरचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं. ते माप ऐकून म्हणे जरा शांत झाले. पट्टी सुटली आणि खिडकी दिसली, खिडकीतला कावळा दिसला, कावळ्याची मान निराळ्या रंगाची आहे हे दिसलं. कलाबाईंना म्हणाले, तुझे केस इतके पांढरे कधी झाले? त्या म्हणाल्या, तुम्ही घाटावर होतात तेव्हा. उजवा डोळा दिवाळीनंतर केला.

या मधल्या काळात त्यांच्या भावाचा टेम्पो महिन्यातून एकदा नवसाबाईच्या पाड्यावर तांदूळ आणि भाजी टाकून येई. फकिरा ते उतरवून घेई. आभार वगैरे मानत नसे, आणि ते बरोबरच होतं. जूनमध्ये रंगनाथराव स्वतः गेले. आल्यावर फाटकाशी उभ्या उभ्या मला सांगितलं की प्लास्टर कधीच निघालंय, पण मनगट तिरकं बसलंय. अंगठा आणि पहिलं बोट मिळत नाही. भात लावता येईल. द्राक्षाचा घड कापायची कात्री धरता येणार नाही.

"किती तिरकं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"दहा अंश असेल," ते म्हणाले. "चांगलं स्पष्ट दिसतं आता."

२००३ च्या जानेवारीत ते पुन्हा साडेपाचला फाटकाशी आले. सायकल तीच होती, हँडल थोडं वाकलेलं. ते त्यांनी सरळ केलं नव्हतं. तोवर तिडके मुलाकडे पुण्याला गेले होते, आणखी एकाचे गुडघे गेले होते. तिघं उरले होते. समोरचं ऊन आता त्यांना अडवत नव्हतं. ते सांगायचे की सूर्यासमोरही दगड दिसतो, बाभळीचा काटासुद्धा दिसतो. तरी त्यांची परतीची वेळ सुधारली नाही. दर खेपेला बाकीच्यांपेक्षा चार मिनिटं जास्त. जायची वेळही तीन-चार मिनिटांनी वाढलेली.

मला आधी धास्ती वाटली. दुसऱ्या डोळ्याची, वयाची, कशाचीही. पण या वेळी कागद करत बसले नाही. त्यांच्याबरोबर जाणाऱ्यांनाच विचारलं. ते जरा वैतागूनच म्हणाले की विधाते गिरणाऱ्याच्या वडांपाशी सायकलवरून उतरतात आणि हातात धरून चालत जातात. सावली संपली की बसतात. तिथे आता कुणी बसलेलंही नसतं, खुडणीचे ट्रक दुसऱ्या फाट्यावरून जातात. त्या दोघांनी दोनदा सांगून पाहिलं, तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे.

पुढे ते सहा वर्षं चालवत होते. मग घाट सुटला, गिरणारे सुटलं, आता भावाच्या मळ्यापर्यंत जातात, तेही जमेल तसं. पायडलला पाय जड लागतो म्हणतात. माझीही वही गेल्या वर्षापासून बंद आहे, घड्याळाचे काटे मला नीट दिसत नाहीत. कलाबाई परवा आल्या होत्या. डॉक्टरांकडे मला त्याच घेऊन जाणार आहेत. गुरुवार ठरलाय. मी पुढचा आठवडा म्हणत होते, तर त्या म्हणाल्या, "पुढचा आठवडा नाही, वहिनी. रिक्षा सांगून ठेवलीय."